वाचकांचे प्रश्न : पाऊस उणे पडत नाही, मग ग्राफ शून्याखाली का जातो?

गेल्या अंकात एका उत्तरात मी लिहिलं होतं की शून्य ते एक अशा बंद इंटरव्हलवर कुठलंही कंटिन्युअस फंक्शन घ्या, ते कितीही वाकडंतिकडं असू दे, त्याच्या हवं तेवढं जवळ जाणारं पॉलिनॉमियल, म्हणजे एक्सच्या घातांची साधी बेरीज, मिळतंच, हे जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रास यांनी १८८५ साली सिद्ध केलं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. त्या दोन ओळींवर पत्रं आली बघा, खानापूर, निपाणी, चिकोडी, उद्यमबाग, सगळीकडून, आणि वाचल्यावर लक्षात आलं की वरवर वेगळे दिसले तरी बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे पॉझिटिव्ह लिनिअर ऑपरेटर, म्हणजे एका फंक्शनवरून दुसरं फंक्शन बनवणारी अशी रीत जी बेरीज सांभाळते आणि उणे नसलेल्यातून उणे काढत नाही. म्हणून यावेळचा कॉलम सगळा त्यालाच दिला आहे.

प्रश्न : सर, नमस्कार. मी जांबोटी भागातल्या एका शाळेत शिकवतो. शाळेत पर्जन्यमापक आहे, रोज सकाळी साडेआठला मुलं रीडिंग घेऊन वहीत लिहितात. कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, एक दिवस कोरडा तर दुसऱ्या दिवशी कोसळतो. मुलांनी कॉम्प्युटरवर आकडे भरून स्मूथ लाईन काढली तर कोरड्या दिवसांत ती लाईन शून्याच्या खाली गेली. मुलं विचारतात, गुरुजी, उणे पाऊस कसा काय पडला? काय सांगू?

उत्तर : गुरुजी, मुलांचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्यांना तो पडला याचा मला मनापासून आनंद झाला. आकड्यांत एकही उणे नसताना लाईनमध्ये उणे आलं, म्हणजे ते रीत वापरण्यातून आलं, पावसातून नाही. आता कसं आलं ते तीन आकड्यांवर करून बघूया, फळ्यावर दहा मिनिटांत होतं.

समजा तीन रीडिंग आहेत, सुरुवातीला ०, मधोमध ०, शेवटी ८० मिलिमीटर. या तिन्हींतून जाणारा पॅराबोला एकच असतो. सुरुवातीपासून पाव अंतरावर त्याची किंमत काढायची तर पहिल्या आकड्याला ३/८, मधल्याला ३/४ आणि शेवटच्याला उणे १/८ असं वेट द्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक आकड्याला त्या-त्या वेटनं गुणून बेरीज करायची. बेरीज करून बघा, बरोबर १ येते. पण ते शेवटचं वेट उणे आहे बघा की! ८० गुणिले उणे १/८ म्हणजे उणे १०. झाला उणे दहा मिलिमीटर पाऊस. लांब कुठंतरी मोठा आकडा आला की त्यानं इकडची लाईन खाली ढकलली, आणि जेवढा तिकडचा पाऊस मोठा तेवढी इकडं लाईन खोल जाणार.

आता दुसरी रीत. त्याच तीन आकड्यांना पाव अंतरावर ९/१६, ६/१६, १/१६ अशी वेट द्या. हीपण बेरीज १ आहे, पण एकही वेट उणे नाही. उत्तर येतं ८० भागिले १६ म्हणजे ५ मिलिमीटर. ही गणितज्ञ बर्नस्टाइन यांची रीत, आणि तिच्यात काहीही करा, उणे पाऊस येऊच शकत नाही, कारण शून्य किंवा अधिक अशा आकड्यांना शून्य किंवा अधिक वेट लावून बेरीज केल्यावर उणे कुठून येणार. आत शून्याच्या वरचं घातलं तर बाहेर शून्याच्या वरचंच येणार, या गुणाला पॉझिटिव्ह म्हणतात, आणि सगळा विषय या एका गुणावर उभा आहे.

मात्र एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. मधोमध बघितलं तर आपलं रीडिंग ० होतं आणि बर्नस्टाइनची लाईन तिथं २० दाखवते. म्हणजे ती रीडिंगमधून जात नाही, जवळपासचं सगळं मिसळून घेते. रीडिंग जास्त घेत गेलात, तीनच्या जागी तीस, तीनशे, तर ती खऱ्याच्या जवळ येत जाते, पण नेमकी त्या टिंबातून जाईल अशी अपेक्षा तिच्याकडून करायची नाही.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्जन्यमापकातलं रीडिंग हे एका क्षणाचं नसतंच, ते काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेल्या सगळ्या पावसाची बेरीज असते. मग ते ग्राफवर एक टिंब म्हणून मांडायचं हेच मुळात ओढूनताणून केल्यासारखं होतं. कान्टोरोविच यांनी १९३० मध्ये बर्नस्टाइनच्या रीतीत नेमका हाच बदल केला, टिंबावरची किंमत घ्यायच्या ऐवजी छोट्या तुकड्यावरची सरासरी घ्यायची, वेट तीच ठेवायची. त्याचा मोठा फायदा म्हणजे एकूण बेरीज बदलत नाही. तीन दिवसांचा पाऊस ०, ०, ८० असेल तर त्यांच्या रीतीनं येणारी लाईन आहे ८० गुणिले एक्स स्क्वेअर, एक्स म्हणजे तीन दिवसांपैकी किती भाग सरला ते. तिच्या खालचं क्षेत्रफळ काढलं तर दिवसाची सरासरी ८०/३ आणि तीन दिवस मिळून बरोबर ८० मिलिमीटर. लाईन शून्याखाली गेली नाही आणि एक थेंब पाऊस इकडचा तिकडं झाला तरी एकूण हिशोब जुळला.

तरीपण शाळेच्या भिंतीवर लावायचा तक्ता असेल तर उभे बार काढा, तेच खरं. रोजच्या बेरजेला बारच शोभतो. स्मूथ लाईन वरच्या वर्गातल्या मुलांना गणित म्हणून दाखवा.

प्रश्न : सर, मी खानापूरची, एम.एस्सी. करते आहे. बर्नस्टाइन पॉलिनॉमियल आणि कोरोव्किनचं थिअरम सिलॅबसमध्ये आहे. प्रूफ पाठ आहे, परीक्षेत लिहीनसुद्धा. पण खरं सांगू का, पॉझिटिव्ह लिनिअर ऑपरेटर १, एक्स आणि एक्स स्क्वेअर या फक्त तीन फंक्शनच्या हवं तेवढं जवळ जातात एवढं तपासलं की जगातल्या सगळ्या कंटिन्युअस फंक्शनचं काम झालं हे मनाला पटतच नाही. तीनच कशी पुरतात?

उत्तर : ताई, पटत नाही म्हणालात ते बरं झालं, कारण पहिल्यांदा ऐकल्यावर हे पटू नयेच. पाठ प्रूफ बाजूला ठेवा आणि एक एक पायरी हातानं करूया.

ऑपरेटर म्हणजे एक फंक्शन आत घेणारा आणि दुसरं फंक्शन बाहेर देणारा. लिनिअर म्हणजे दोन फंक्शनची बेरीज आत घातली तर बाहेरही बेरीजच येते, आणि आकड्यानं गुणून घातलं तर गुणूनच येतं. पॉझिटिव्ह म्हणजे वर गुरुजींना सांगितलं तेच. आता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की एक तिसरी फुकटात मिळते, जी पुस्तकात एका ओळीत येऊन जाते आणि तिथंच मुलांचा पाय घसरतो. जी वजा एफ हे शून्याच्या वर असेल तर त्याचं आउटपुटही शून्याच्या वर, म्हणजे एफ पेक्षा जी मोठं असेल तर एफच्या आउटपुटपेक्षा जीचं आउटपुट मोठं. क्रम मोडत नाही. पॉझिटिव्हचा खरा उपयोग हा, की एखादं फंक्शन दोन फंक्शनच्या मध्ये अडकवलं तर ऑपरेटर लावल्यावरही ते अडकलेलंच राहतं, निसटू शकत नाही.

मग अडकवायचं कशात? एक्स हा एक पॉइंट धरा आणि तो हलवू नका, टी हा इंटरव्हलभर फिरणारा. फंक्शन कंटिन्युअस आहे, म्हणजे टी हा एक्सच्या डेल्टा अंतरात असला तर एफ(टी) आणि एफ(एक्स) यांच्यातला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी, एप्सिलॉन म्हणजे आपणच ठरवलेला हवा तेवढा लहान आकडा. टी लांब गेला तर फरक किती होईल ते माहीत नाही, पण २एम च्या वर जाणार नाही, एम म्हणजे त्या फंक्शनची सगळ्यात मोठी किंमत, अधिक-उणेचं चिन्ह सोडून. आता टी लांब असताना (टी−एक्स)चा वर्ग हा डेल्टाच्या वर्गापेक्षा मोठा असतो, म्हणून दोन्ही केस एकाच ओळीत लिहिता येतात : फरक हा एप्सिलॉन अधिक (२एम भागिले डेल्टाचा वर्ग) गुणिले (टी−एक्स)चा वर्ग, यापेक्षा जास्त नाही. म्हणजे काय झालं, एफ कितीही आडदांड असलं तरी एक्सपाशी आपण त्याला दोन पॅराबोलांच्या मध्ये पकडलं, एक वर उघडणारा आणि एक खाली.

आणि पॅराबोला म्हणजे (टी−एक्स)चा वर्ग, म्हणजे टी स्क्वेअर वजा २एक्स टी अधिक एक्स स्क्वेअर, आणि यात टी ची फंक्शन किती आहेत? १, टी आणि टी स्क्वेअर. तीनच! तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे ताई. ती तीन फंक्शन कुणी आवडीनं निवडलेली नाहीत, कुठल्याही कंटिन्युअस फंक्शनला पकडायला जो पॅराबोला लागतो तो त्या तिघांतून बनतो म्हणून ती. ऑपरेटर लिनिअर आहे म्हणून तिघांवर काय होतं ते कळलं की पॅराबोलावर काय होतं ते कळलं, आणि पॉझिटिव्ह आहे म्हणून पॅराबोला आवळला की मधलं फंक्शनही आवळलं गेलं.

बर्नस्टाइनसाठी हे करून बघा, एका पानात होतं. एन म्हणजे रीडिंगच्या संख्येपेक्षा एक कमी, गुरुजींच्या तीन रीडिंगना एन २ होता. १ आत घातला की १ बाहेर येतो, एक्स घातला की एक्स येतो, आणि एक्स स्क्वेअर घातला की एक्स स्क्वेअर अधिक एक्स(१−एक्स)/एन येतं. म्हणजे (टी−एक्स)च्या वर्गाचं आउटपुट एक्सपाशी फक्त एक्स(१−एक्स)/एन, आणि ते कधीच १/(४एन) च्या वर जात नाही, कारण एक्स(१−एक्स) मधोमध जास्तीत जास्त पाव होतं. एन वाढवा, पॅराबोलाचा भाग शून्याला गेला, उरला एप्सिलॉन. झालं की वायरश्ट्रास सिद्ध!

बर्नस्टाइन यांनी हे १९१२ मध्ये लिहिलं, खार्किवमध्ये असताना, आणि त्यांनी ते प्रोबॅबिलिटीनं केलं. छाप पडायची शक्यता एक्स असलेलं नाणं एन वेळा उडवा, के वेळा छाप पडली तर एफ(के/एन) एवढे पैसे मिळणार, तर सरासरी किती मिळतील, ती सरासरी म्हणजेच बर्नस्टाइन पॉलिनॉमियल. आणि ते एक्स(१−एक्स)/एन म्हणजे बायनॉमियलमधल्या के/एन चं व्हेरियन्स, तुम्ही स्टॅटिस्टिक्समध्ये शिकलात तेच. प्रोबॅबिलिटी उणे नसते, म्हणून वेट उणे नसतात. मला स्वतःला सगळ्या प्रूफमध्ये हे जास्त आवडतं, कारण यात पॉझिटिव्ह का ते वेगळं सांगावं लागत नाही. स्वीडनचे बोमन १९५२ मध्ये आणि सोव्हिएत रशियाचे कोरोव्किन १९५३ मध्ये, दोघांनी वेगवेगळं दाखवलं की यात नाण्याचं तसं काही नाही, बोमन यांनी बेरजेच्या रूपातल्या ऑपरेटरसाठी आणि कोरोव्किन यांनी कुठल्याही पॉझिटिव्ह लिनिअर ऑपरेटरसाठी, तीन परीक्षा पास झाल्या की पुरे.

पॉझिटिव्ह काढून टाकलं तर काय होतं तेही बघून ठेवा, तोंडी परीक्षेत विचारतात. सारख्या अंतरावरच्या टिंबांतून पॉलिनॉमियल नेण्याची जी रीत, ती १, एक्स, एक्स स्क्वेअर या तिन्ही परीक्षांत पैकीच्या पैकी मार्क घेते, एरर चक्क शून्य, तरी ती फसते. रुंगे यांनी १९०१ मध्ये दाखवलं, उणे एक ते एक या इंटरव्हलवर १/(१+२५एक्स स्क्वेअर) हे साधं, कुठं कोपरा नसलेलं फंक्शन, अकरा टिंबं घेतली तर टोकाजवळ एरर १.९ च्या वर जातो, फंक्शनची स्वतःची उंची फक्त १ असताना, आणि टिंबं वाढवली तर आणखीनच बिघडतं. तिथं वेट उणे असतात, क्रम राहत नाही, पॅराबोलात अडकवलेलं फंक्शन निसटून जातं. फाबर यांनी १९१४ मध्ये तर असं सिद्ध केलं की टिंबं आधीच ठरवून ठेवलीत, कशीही ठरवा, तरी कुठलं ना कुठलं कंटिन्युअस फंक्शन त्या रीतीला चकवणारच.

फुरिए सिरीजचंही, म्हणजे फंक्शन साइन आणि कॉसच्या बेरजेनं मांडण्याचंही, असंच. नुसत्या बेरजा काही कंटिन्युअस फंक्शनला पोचत नाहीत, पण फेयेर यांनी १९०० मध्ये, वय वर्षं फक्त वीस, त्या बेरजांची सरासरी घेतली तर पोचते हे दाखवलं. ती सरासरी पॉझिटिव्ह आहे म्हणून. तिथं परीक्षेची तीन फंक्शन १, कॉस आणि साइन. घरी करून बघा, पॅराबोलाच्या जागी १ वजा कॉस(टी−एक्स) ठेवा, बाकी प्रूफ जसंच्या तसं चालतं.

प्रश्न : मी उद्यमबागेत कॅडवर काम करतो, कास्टिंगच्या पॅटर्नची ड्रॉइंग. बेझिए कर्व्ह रोज वापरतो. चार पॉइंट दिले की कर्व्ह पहिल्या आणि शेवटच्या पॉइंटमधून जातो, मधल्या दोघांमधून जात नाही आणि चौघांच्या बाहेर कधी पडत नाही. असं का ओ सर? आणि मला हवी तेवढी उंची पहिल्याच फटक्यात कशी मिळवायची?

उत्तर : दादा, तुम्ही रोज जे वापरता तेच बर्नस्टाइन आहे, एन बरोबर ३ घेतलेलं. सिट्रोएन कंपनीत द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनो कंपनीत बेझिए यांनी साठच्या दशकात गाडीच्या बॉडीच्या आकारासाठी हे वेगवेगळं उभं केलं. चार पॉइंटची वेट अशी : (१−टी)चा घन, ३टी(१−टी)चा वर्ग, ३टी स्क्वेअर(१−टी), आणि टी चा घन. उणे एकही नाही आणि बेरीज नेहमी १. म्हणून कर्व्हवरचा प्रत्येक पॉइंट हा चार पॉइंटची सरासरी असतो, आणि सरासरी चौघांच्या बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर न पडण्याचं कारण एवढंच.

टोकाला टी शून्य किंवा एक असतो तेव्हा सगळं वेट एकाच पॉइंटला जातं, म्हणून टोकं नेमकी लागतात. मधल्या पॉइंटला मात्र सगळ्यात जास्त वेट मिळतं ते ४/९, पहिल्याला टी १/३ असताना आणि दुसऱ्याला २/३ असताना. अर्धंसुद्धा नाही. मग तो कर्व्हला आपल्याकडं ओढतो पण आपल्यापर्यंत आणू शकत नाही.

आता उंचीचं. समजा पॉइंट दिले (०,०), (०,४०), (६०,४०), (६०,०), सगळं मिलिमीटरमध्ये. मधोमध टी अर्धा, वेट १/८, ३/८, ३/८, १/८. उंची आली (० + १२० + १२० + ०) भागिले ८, म्हणजे ३०. चाळीसला पॉइंट ठेवून कर्व्ह तीसलाच वळला. टोकं एका पातळीत आणि मधले दोन सारख्या उंचीवर असले की नेहमी पाऊणपटच मिळणार. म्हणून चाळीस हवं असेल तर चाळीसला ४/३ नं गुणा, ५३.३३ ला पॉइंट ठेवा, कर्व्हचा माथा बरोबर चाळीसला येईल. माऊस ओढत बसायची गरज नाही.

आणखी एक गुण पॅटर्नवाल्याच्या कामाचा आहे. कुठलीही सरळ रेघ त्या पॉइंटना जोडणाऱ्या तुटक रेघांना जितक्या वेळा छेदते त्यापेक्षा जास्त वेळा कर्व्हला छेदत नाही. म्हणजे तुम्ही न दिलेली लाट कर्व्ह स्वतःहून काढत नाही. पॉइंट सरळसोट दिलेत तर पृष्ठभाग उगीच उंचसखल होणार नाही. तुमच्या मोबाईलवरची देवनागरी आणि कन्नड अक्षरं पण अशाच कर्व्हनी काढलेली असतात, एवढी गोल वळणं तरी झूम केल्यावर फाटत नाहीत ती यामुळं.

प्रश्न : सर, मी पीयूसी सेकंड इयरला आहे, टिळकवाडी. लिनिअर म्हणजे ऑपरेटर सरळ रेषा देतो का?

उत्तर : नाही बाळा. इथं लिनिअर हे ऑपरेटरच्या वागण्याला म्हणतात, आउटपुटच्या आकाराला नाही. तू इंटिग्रेशन करतोस ना, दोन फंक्शनच्या बेरजेचं इंटिग्रेशन म्हणजे इंटिग्रेशनची बेरीज, ते लिनिअर. वर्ग करणं लिनिअर नाही, कारण बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज नव्हे, मध्ये २एबी येतं.

प्रश्न : निपाणीहून लिहिते आहे, डिग्री कॉलेजमध्ये न्यूमेरिकल मेथड्स शिकवते. बर्नस्टाइन इतकं भरवशाचं असेल तर प्रत्यक्ष कॅल्क्युलेशनला कुणी का वापरत नाही? आमच्या प्रॅक्टिकलमध्ये ते कुठंच नाही.

उत्तर : मॅडम, कारण ते फार हळू जातं, आणि हे तुमच्या विद्यार्थ्यांना आकड्यांतच दाखवायला पाहिजे. मधोमध टोक असलेलं फंक्शन घ्या, एक्स वजा अर्धा, त्याची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू. खरी किंमत मधोमध ०. एन ४ घेतला तर बर्नस्टाइन म्हणतं ०.१८७५, १०० घेतला तर ०.०३९८, आणि १०,००० घेतला तर ०.००३९९. शंभरपट काम केलं की एरर दहापट कमी होतो, एवढंच. पोपोविचिऊ यांनी १९३५ मध्ये हे सगळ्या कंटिन्युअस फंक्शनसाठी बांधून दिलं, एरर हा १/√एन अंतरात फंक्शन जास्तीत जास्त किती हलतं त्याच्या ठरावीक पटीत राहतो. ती पट कमीत कमी किती ठेवता येईल ते सिक्केमा यांनी १९६१ मध्ये नेमकं काढलं : (४३०६ + ८३७√६) भागिले ५८३२, सुमारे १.०८९९. इतक्या साध्या प्रश्नाला असं उत्तर येतं हे मला अजून नवल वाटतं.

बरं, फंक्शन गुळगुळीत असलं तर जोर धरेल म्हणाल, तर तेही नाही. वोरोनोव्स्काया यांनी १९३२ मध्ये दाखवलं की एररला एन नं गुणलं तर ते एक्स(१−एक्स)/२ गुणिले दुसरं डेरिव्हेटिव्ह याकडं जातं. म्हणजे फंक्शन कितीही छान असू दे, दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य नसेल तर एरर १/एन च्या वेगानंच कमी होणार. साधा एक्स स्क्वेअर, स्वतः पॉलिनॉमियल असून, एन १०० ला मधोमध ०.००२५ एरर ठेवतो. विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा दाखवा, त्यांना धक्का बसतो आणि मग ते लक्ष देऊन ऐकतात.

आणि यात बर्नस्टाइनचा दोष नाही. कोरोव्किन यांनीच पुढं सिद्ध केलं की आउटपुट एन डिग्रीचं पॉलिनॉमियल देणारे कुठलेही पॉझिटिव्ह लिनिअर ऑपरेटर घ्या, त्या तीन परीक्षेच्या फंक्शनवर सगळीकडं मिळून १/एन स्क्वेअर पेक्षा वेग मिळत नाही. पॉझिटिव्हपणामुळं फंक्शन हातातून सुटत नाही, आणि त्याच आवळण्यामुळं वेगालाही मर्यादा येते. दोन्ही एकाच गुणातून येतात, एक ठेवून दुसरं टाकता येत नाही.

वेग पाहिजेच असेल तर पॉझिटिव्ह सोडावं लागतं. एक सोपी रीत तुमच्या प्रॅक्टिकलला घालण्यासारखी आहे : २एन घेऊन काढलेल्या बर्नस्टाइनची दुप्पट करा आणि त्यातून एन वालं वजा करा. १/एन वाला एरर कटतो. एक्स स्क्वेअरवर लावून बघा, अगदी बरोबर एक्स स्क्वेअर येतं. पण वजाबाकी आली म्हणजे उणे वेट आली, आणि जांबोटीच्या गुरुजींचा उणे पाऊस परत येऊ शकतो. माझं मत विचाराल तर फंक्शन गुळगुळीत असून नुसते आकडे पाहिजेत तिथं चेबिशेव्हच्या टिंबांवर, म्हणजे टोकांकडं दाट होत जाणाऱ्या टिंबांवर, इंटरपोलेशन करा, म्हणजे त्या टिंबांतून पॉलिनॉमियल न्या, एरर झपाट्यानं खाली येतो. पण पाऊस, प्रोबॅबिलिटी, किंवा फक्त चढत जाणारा डेटा असा काही असेल, जिथं उत्तर उणे आलं किंवा मध्येच खाली वळलं तर त्याला अर्थच राहत नाही, तिथं बर्नस्टाइनसारखी रीत धरा. चढतं फंक्शन घातलं तर ते चढतंच देतं, आणि वाटीसारखं वर उघडणारं घातलं तर तसंच. हे इंटरपोलेशन देत नाही.

प्रश्न : चिकोडीहून. बर्नस्टाइन १ आणि एक्स जसेच्या तसे परत देतो पण एक्स स्क्वेअरमध्ये थोडा फरक ठेवतो. मग तिन्ही जसेच्या तसे देणारा पॉझिटिव्ह ऑपरेटर कुणी का बनवत नाही? एररच राहणार नाही.

उत्तर : बनवला तर तो काही करणारच नाही, आत घातलेलं फंक्शन जसंच्या तसं बाहेर देईल. वर ताईंना सांगितलेलं प्रूफ परत वाचा. तिन्ही जसेच्या तसे आले तर (टी−एक्स)च्या वर्गाचं आउटपुट एक्सपाशी बरोबर शून्य. मग पॅराबोलाचा भाग गेला, एफचं आउटपुट आणि एफ यांच्यात फरक राहिला फक्त एप्सिलॉन, आणि तो आपण पाहिजे तेवढा लहान घेऊ शकतो, म्हणजे फरक शून्यच. प्रत्येक कंटिन्युअस फंक्शन जसंच्या तसं. असा ऑपरेटर म्हणजे नुसता आयडेंटिटी, त्यानं पॉलिनॉमियल कुठून द्यायचं? अंदाज करायचा म्हटलं की तिघांपैकी एकाला तरी धक्का लागणारच.

कुणाला लावायचा ते मात्र आपल्या हातात आहे. बर्नस्टाइन एक्स स्क्वेअरला लावतो. किंग यांनी २००३ मध्ये उलट केलं, १ आणि एक्स स्क्वेअर सांभाळले आणि धक्का एक्सला दिला. त्यासाठी त्यांनी बर्नस्टाइनच्या सूत्रात एक्सच्या जागी एक्सचंच एक दुसरं फंक्शन, रूटवालं, बसवलं, त्यामुळं आउटपुट पॉलिनॉमियल राहत नाही, पण पॉझिटिव्ह राहतं. शून्य ते १/३ या भागात त्यांचा अंदाज बर्नस्टाइनइतका तरी चांगला येतो. ते रूटवालं फंक्शन तुम्हीच काढून बघा, अवघड नाही : आर स्क्वेअर अधिक आर(१−आर)/एन बरोबर एक्स स्क्वेअर असं मांडा आणि आर साठी क्वाड्रॅटिक सोडवा, एन २ किंवा त्याच्या वर घ्या आणि दोन उत्तरांपैकी शून्य ते एक मध्ये बसणारं ठेवा.